गिरनारचा ताबा कोणाकडे?

गेल्या मार्गशीर्षात एक वडीलधारे स्नेही माझ्या कचेरीत आले. गृहस्थ निष्ठावंत दत्तभक्त; गुरुवारचा उपवास, गुरुचरित्राची सप्ताहपारायणे आणि गरजू विद्यार्थ्यांना गुपचूप फी देणे, ही त्यांची तीन व्रते मला ठाऊक आहेत. त्यांच्या हातात टंकलिखित केलेले एक निवेदन होते. गिरनारच्या पाचव्या शिखरावरील दत्तपादुकांच्या स्थानाशी आमच्याखेरीज अन्य कोणाचाही काडीचा संबंध नाही, अन्य पंथीयांना तेथे आपल्या पद्धतीने वंदनदेखील करू देऊ नये, आणि या कामी शासनाने कठोर पावले उचलावीत, असा त्याचा आशय होता. "वकीलसाहेब, याला जरा कायद्याची भाषा चढवा आणि पहिली सही तुमची असू द्या," असे म्हणून ते उठले.

मी तो कागद ठेवून घेतला आणि महिनाभराने सही न करता परत केला. त्या दिवशी त्यांना कारण नीट सांगता आले नाही. ते दुखावून गेले. आज हा लेख लिहितो आहे तो एका अर्थी त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणून. परंतु ते निवेदन केवळ त्यांचे नाही. असे कागद गावोगावच्या मंडळांतून फिरत आहेत, आणि त्यांवर सह्या करणारांत प्रस्तुत नियतकालिकाचे वाचकही असतील. म्हणून हे उत्तर त्यांनाही आहे.

ज्यांना या वादाची माहिती नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. सौराष्ट्रात जुनागढजवळ गिरनार हा पर्वतसमूह आहे. त्याच्या एका सुळक्यावर, जेथे जेमतेम दहा-वीस माणसे दाटीने उभी राहू शकतील एवढ्याच जागेत, दगडावर पावले आहेत. आपण त्यांना दत्तात्रेयांच्या पादुका म्हणतो. जैन बांधवांची श्रद्धा अशी की, बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचे निर्वाण याच पर्वतावर झाले आणि ती पावले त्यांची आहेत. हे दोन्ही समज आजचे नाहीत. आजची आहे ती चढाओढ. ती न्यायालयापर्यंत गेली आहे आणि अधूनमधून हातघाईवरही येते.

निवेदनावर सही करावी की करू नये, याचा निर्णय मी कचेरीतील खुर्चीवर बसून केला नाही. पौषात मी गिरनारला गेलो. आमचे घराणे कोकणातून बडोद्याला आले ते सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत; तेव्हापासून गिरनार हे आमच्या घरचे व्रत आहे. आजोबा दरवर्षी जात. मी मात्र सहा वर्षांनी जात होतो, आणि चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांना पर्वत काय विचारतो ते या खेपेस कळले.

पहाटे तीनच्या सुमारास भवनाथच्या तळेटीतून काठी घेऊन निघालो. परंपरेने पायऱ्यांची संख्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव सांगतात. सुमारे निम्मी चढण झाली की अंबाजीचे देऊळ लागते. त्याच्या अलीकडे नेमिनाथांच्या मंदिराचा तटबंदीचा मोठा परिसर आहे. अंबाजीच्या पुढे गोरखनाथांचे शिखर, जे साऱ्या गुजरातेत सर्वांत उंच. तेथे पोचल्यावर नवख्या माणसास वाटते की, चढ संपला. परंतु खरी परीक्षा येथून पुढे असते. मिळविलेली उंची खोल उतरून गमवावी लागते, आणि मग समोरच्या सुळक्यावर पुन्हा सरळ उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्ही बाजूंस दरी आणि अंगावर वारा. परततांना जो आल्या वाटेने उतरत नाही तो गोमुखीपासून फुटणारी वाट धरून सहसावनाच्या रानातून तळेटीस येतो. अशा रीतीने एक संपूर्ण वळसा होतो. मी तो वळसा केला. मात्र त्यापूर्वी जे घडले ते प्रथम सांगितले पाहिजे, कारण त्यात माझा स्वतःचा दोष आहे.

शेवटच्या चढणीवर माझ्यापुढे तरुणांचा एक जथा होता. ते "जय गिरनारी" अशी घोषणा देत होते. ती घोषणा आमच्या रक्तातच आहे. दमलेल्या माणसास तिने बळ येते. वरून दुसरा जथा उतरत होता. त्यांनी नेमिनाथांचा जयजयकार केला. झाले! खालचा आवाज चढला, तसा वरचाही चढला. पाच मिनिटांपूर्वी जी देवाची हाक होती ती आता समोरच्यास उद्देशून झाली. आणि वाचकहो, मीही ओरडलो. घशाला कोरड पडलेली, पाय थरथरत असलेले, कायद्याचा पदवीधर, पन्नाशीकडे झुकलेला मी त्या पोरांच्या आवाजात आवाज मिसळून, पर्वतासाठी नव्हे तर त्या माणसांना ऐकू जावे म्हणून ओरडलो. त्या क्षणी मला आनंद झाला, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही.

पायरीच्या कडेला एक वृद्ध गुजराती बाई लोखंडी कठडा धरून बसली होती. ती दत्ताची होती की नेमिनाथांची, हे मला अद्याप ठाऊक नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "उपर बेसवानी जग्या नथी, ने झघडवानी क्यांथी लाव्या?" वर बसायला जागा नाही आणि भांडायला कोठून आणलीत? मला उत्तर सुचले नाही.

शिखरावर पोचलो तेव्हा रेटारेटीत दर्शन झाले की नाही हेही कळले नाही. मागची रांग पुढे ढकलत होती, आणि एक पोलीस "चला, चला" करीत होता. मी खाली उतरून कमंडलू कुंडाजवळ गेलो, तेथील धुनीचे दर्शन घेतले, प्रसाद घेतला आणि तासभर बसून राहिलो. गर्दी ओसरल्यावर पुन्हा त्या पायऱ्या चढलो. या खेपेस वर माझ्याखेरीज एक पुजारी आणि तोच पोलीस, असे तिघेच होतो. पुजारी डोळे मिटून बसला होता. पोलिसाने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. वाऱ्याखेरीज आवाज नव्हता. आजोबा ज्याला 'गिरनारचा मुक्काम' म्हणत तो हा असावा. दहा मिनिटांनी खालून पावले वाजू लागली, तेव्हा मी उठलो.

त्या दहा मिनिटांत मी पावलांकडे पाहत होतो, आणि तीं कोणाची, हा प्रश्न मला पडला नाही. सहसावनाची वाट उतरतांना मात्र मनात दुसराच प्रश्न आला. हे दोघे कोण होते?

नेमिनाथांची कथा अशी सांगतात की, ते यदुकुळातले, श्रीकृष्णाचे चुलतबंधू. वरात राजीमतीच्या दारी पोचत असता मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला आणि रथ तेथूनच फिरविला. राज्य, विवाह, वैभव सर्व सोडून ते या पर्वतावर आले. त्यांनी दीक्षा घेतली ती जागा म्हणून हेच सहसावन दाखवितात, ज्यातून मी उतरत होतो. आणि आपला अवधूत? भागवताच्या एकादश स्कंधात, ज्यावर नाथमहाराजांनी १५७३ साली काशीक्षेत्री आपली टीका पुरी केली, यदुराजास भेटलेला अवधूत आपल्या चोवीस गुरूंची गणना करतो. त्यांत पहिली पृथ्वी. तिच्यापासून, आणि तिचीच रूपे असलेल्या पर्वतवृक्षांपासून तो काय शिकला, तर सर्व सोसावे आणि असणे दुसऱ्यासाठी असावे. सर्प स्वतःचे घर बांधत नाही, हेही तो शिकला. मधमाशीने साठविले म्हणून ती गमावून बसली, हेही शिकला. याच पर्वतावर पायऱ्यांच्या वाटेवर भर्तृहरीची गुहा दाखवितात. तो तर राज्यच टाकून आला म्हणतात.

म्हणजे ज्यांनी ज्यांनी या पर्वतास थोरपण आणले, ते सारे येथे काही तरी सोडण्यासाठी आले होते. आणि आम्ही त्यांचे अनुयायी येथे ताबा घेण्यासाठी येतो. ज्याने घर बांधले नाही त्याच्या नावाने मालकीचा दावा, ज्याने रथ फिरविला त्याच्या नावाने आगेकूच! अर्जदार म्हणून आपण कोणाचे नाव लिहीत आहोत, याचा विचार दोन्ही पक्षांनी सही करण्यापूर्वी केला पाहिजे.

स्नेह्यांनी कायद्याची भाषा मागितली होती; ती आता देतो. आमच्या व्यवसायात स्थावराच्या वादात दोन कल्पना नेहमी येतात. एक ताबा आणि दुसरी वहिवाट. दुसऱ्याच्या मिळकतीवर विरोधी ताब्याने हक्क सांगायचा, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वये बारा वर्षे, उघडपणे आणि खऱ्या मालकाच्या हक्काच्या विरुद्ध ताबा असावा लागतो. त्यात वैर हा आवश्यक घटक आहे. वहिवाटीच्या हक्काचे तत्त्व निराळे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे जाण्यायेण्याच्या वाटेचा हक्क वीस वर्षांच्या उपभोगाने मिळतो. परंतु तो उपभोग शांततेने, उघडपणे आणि अखंड झालेला असावा लागतो. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वहिवाटीचा हक्क मागणारा मनुष्य ही जमीन माझी नाही, हे प्रथम मान्य करतो. जमीन दुसऱ्याची, तिच्यावरून चालण्याचा हक्क तेवढा माझा.

गिरनार या दोन कलमांत बसविण्याचा माझा हेतू नाही. न्यायालयापुढे असलेल्या वादाच्या गुणदोषांविषयी मी येथे एक अक्षरही लिहिणार नाही. मी विचारतो ते इतकेच की, भक्ताचे पर्वताशी असलेले नाते यांपैकी कोणत्या जातीचे? आजोबांचे नाते वहिवाटीचे होते. त्यांनी चाळीस वर्षे त्या पायऱ्या शांततेने, उघडपणे आणि अखंड तुडविल्या, आणि पर्वत आपला नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. निवेदनातील नाते ताब्याचे आहे, आणि म्हणूनच त्याला वैराची गरज भासते. समोर कोणी विरोधक नसेल तर ते निवेदन कोरे पडेल. श्रीदत्तांची भक्ती अशी दुसऱ्याच्या विरोधावर अवलंबून कधीपासून राहिली?

पर्वतास मालक शोधायचाच असेल तर पायथ्याचा साक्षीदार तपासावा. जुनागढहून भवनाथकडे जातांना वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर तीन राजांचे लेख आहेत. पहिले सम्राट अशोकाचे चौदा शिलालेख. त्यांतील बाराव्यात राजा सांगतो की, सर्व पंथांतील सार वाढावे आणि त्या वाढीचे मूळ वाणीच्या संयमात आहे. आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याची निंदा करणारा आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो. हे बावीसशे वर्षांहून अधिक काळ त्या वाटेवर लिहिलेले आहे, आणि आम्ही त्यावरून पुढे जाऊन शिखराखाली घसा फोडतो.

दुसरा लेख इसवी सन १५० च्या सुमाराचा, शक क्षत्रप रुद्रदामन् याचा. त्यात गिरनारास ऊर्जयत् म्हटले आहे. या पर्वतावरून वाहणाऱ्या नद्या अडवून सुदर्शन नावाचा तलाव बांधला होता. तो चंद्रगुप्त मौर्याच्या पुष्यगुप्त नामक अधिकाऱ्याने बांधला, अशोकाच्या वतीने तुषास्फ या यवनाने त्याचे पाट काढले, आणि एका भयंकर वादळात तो फुटला. भगदाड एवढे मोठे की राजाच्या सल्लागारांनी हात टेकले आणि प्रजेत हाहाकार झाला. तेव्हा सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने ते काम पुरे केले. आणि लेख आवर्जून सांगतो की, त्यासाठी नागरिकांवर कर लादला नाही, वेठ लावली नाही, खर्च राजाच्या स्वतःच्या कोशातून झाला. तिसरा लेख स्कंदगुप्ताच्या काळचा, पाचव्या शतकातला. तलाव पुन्हा फुटला आणि पुन्हा बांधला, त्याचा. मौर्य, यवन, शक, पह्लव, गुप्त, एवढ्यांनी एका पर्वताचे पाणी सांभाळले. पायऱ्यांचेही तसेच. बाराव्या शतकात कुमारपाल चालुक्याच्या काळी त्यांचे काम झाल्याचे उल्लेख आहेत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मुसलमान नवाबाच्या राज्यात, लॉटरी काढून जमविलेल्या पैशांतून त्या नव्याने बांधल्या गेल्या. "जय गिरनारी" म्हणत आम्ही ज्या दगडावर पाय ठेवतो, तो कोणत्या धर्माच्या माणसाच्या तिकिटाचा, हे कोण सांगू शकेल?

यावर आक्षेप येतील. ते मी स्वतःच मांडतो, कारण माझ्या स्नेह्यांनी ते मांडले होते आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा की, आपण गप्प बसलो तर दुसरा पक्ष ताबा घेईल. उदारपणाची किंमत नेहमी आपणच का द्यावी? याला माझे उत्तर आहे की, गप्प बसा असे मी म्हणत नाही. कोणी आपल्या माणसास दर्शनास अडविले, तर त्याचे वकीलपत्र मी फी न घेता स्वीकारीन. दर्शनाचा हक्क मागणे आणि दुसऱ्याचे दर्शन बंद करा असे मागणे, या दोन वेगळ्या प्रार्थना आहेत. पहिली मान्य झाली तर कोणाचेही काही जात नाही. दुसरी मान्य झाली तर शिखरावर कायमचा पहारा बसतो. तो आजच बसलेला आहे, आणि ज्याला "चला, चला" म्हणावे लागते त्या पोलिसास तेथे आपण सर्वांनी मिळून नेमले आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. आमची परंपरा अधिक जुनी, असे दोन्हीकडून सांगतात. संसदेने १९९१ साली प्रार्थनास्थळांविषयी कायदा केला तेव्हा १५ ऑगस्ट १९४७ रोजीचे धार्मिक स्वरूप कायम राहावे, हे तत्त्व स्वीकारले. त्या कायद्यास अपवाद आहेत, आणि त्याच्या वैधतेस आव्हानही दिले गेले आहे. तो विषय न्यायालयाचा. परंतु त्यामागील व्यवहारज्ञान कोणाही कुटुंबवत्सल माणसास पटावे. वाटणी कोठे तरी थांबवावी लागते, नाही तर पणजोबांच्या भांडणांत पणतू म्हातारे होतात. आपल्या मंदिरांत याचा अनुभव कोणास नाही? गोमंतकातील वाचकांना महाजनकी आणि पालखीचा मान यांवरून लढल्या जाणाऱ्या दाव्यांविषयी मी सांगावे असे नाही. मानासाठी भांडणे सुरू झाली की देवाच्या उत्सवास बंदोबस्त लागतो.

तिसरा आक्षेप थोडा निराळा, आणि तो माझ्याच बाजूच्या लोकांचा आहे. ते म्हणतात, या साऱ्या गोंगाटाचे मूळ रोपवे. २४ ऑक्टोबर २०२० रोजी तो सुरू झाला. सुमारे सव्वादोन किलोमीटरांचे अंतर सात-आठ मिनिटांत कापून माणसे अंबाजीपाशी उतरतात, म्हणून पर्वताचा धाक राहिला नाही. हे मला मान्य नाही. माझ्या आईचे वय पंचाहत्तर आहे. तिने अंबाजीच्या चौथऱ्यावरून दत्तशिखर पाहिले, हात जोडले आणि ती परत आली. "तेवढे दिसले, पुरे झाले," एवढेच ती म्हणाली. जिने शिखर दुरून पाहिले तिने ते आपलेसे केले नाही. आणि ज्याने सर्व पायऱ्या तुडविल्या तो मी वर जाऊन ओरडलो. तेव्हा पायी चालण्याने आपोआप विनय येतो, असे म्हणण्याची सोय मला उरलेली नाही. डोलीवाल्यांच्या पोटावर रोपवेने पाय आणला, तो प्रश्न खरा आहे आणि त्याची दाद लागली पाहिजे. परंतु आपल्या अहंकाराचे खापर तारेवर फोडू नये.

मग उपाय काय? तो पर्वताने आणि आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवला आहे, असे मला वाटते. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत गिरनारची परिक्रमा होते. पावसाळ्यानंतर रान हिरवेगार असते म्हणून तिला लीली परिक्रमा म्हणतात. भवनाथपासून निघून झीणाबावाची मढी, माळवेला, बोरदेवी असे मुक्काम करीत पुन्हा भवनाथला यायचे. अंतर सुमारे ३६ किलोमीटर, आणि वाटेत घोडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन दमछाक करणाऱ्या खिंडी. हे रान २००८ पासून अभयारण्य आहे, आणि त्यात सिंह राहतात. वर्षातले हे थोडे दिवस माणसाला तेथून जाऊ देतात, इतकेच.

या परिक्रमेत लाखो माणसे चालतात, आणि त्यांतील कोणीही त्या चालीने शिखरावर जात नाही. शिखर सारा वेळ उजव्या हातास असते. झाडी दाट झाली की ते दिसेनासे होते, मोकळे माळ आले की पुन्हा दिसते, दर वळणावर निराळे दिसते. आपल्या देवळांतून आपण रोज प्रदक्षिणा घालतो तेव्हा तरी दुसरे काय करतो? देवाला मध्ये ठेवतो आणि स्वतः कडेने फिरतो. गाभाऱ्यात शिरून मूर्तीवर हात ठेवून "ही माझी" असे म्हणण्याची पद्धत आपल्या शास्त्रात नाही. ज्यास पर्वत मोठा वाटतो तो त्याच्याभोवती फिरतो.

आणि पर्वत कधी कधी तेवढेही करू देत नाही. २०२० साली साथीमुळे आणि २०२५ साली अवकाळी पावसाने वाट चिखलाने भरल्यामुळे सर्वसामान्य यात्रेकरूंसाठी परिक्रमा बंद ठेवावी लागली. साधूंनी केवळ प्रतीकरूपाने परंपरा राखली. लोक हळहळले, परंतु पावसावर कोणी दावा लावला नाही. या पर्वतावर आपण पाहुणे आहोत, हे त्या वर्षी सर्वांना एकदम समजले. उलट ज्या वर्षी वाट उघडी असते त्या वर्षी पाहुणे काय मागे ठेवून जातात, ते वनखात्यास विचारावे. गिरनारवरील प्लॅस्टिकचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. शिखर कोणाचे, यावर रान पेटविणारांपैकी कितीजणांनी त्या रानातील एक पिशवी खाली आणली?

गोव्याच्या वाचकांना शेवटी एक विनंती करतो. इसवी सन १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश पोर्तुगीज सत्तेच्या धाकाने नदीपार प्रियोळास नेला गेला. मूळ स्थान गेले, देऊळ गेले, जमीन गेली. ज्या मुलखात त्याला ठाव मिळाला तेथे त्याचा ना ताबा होता ना मालकी. तेथल्या माणसांनी जागा दिली म्हणून देव राहिला, आणि भक्त ओढे-खाडी ओलांडून तेथवर चालत राहिले म्हणून तो देव आजही आपला आहे. जागा गमावूनही देव टिकतो, हे तुमच्याइतके कोणी जाणत नाही. आम्हा बडोदेकरांचाही थोडा अनुभव आहे. गोध्र्यास मराठी घरात जन्मलेल्या रंगावधूत महाराजांनी १९३५ साली दत्तबावनी लिहिली ती गुजरातीत. आज गुजरातेत घरोघरी ती म्हणतात. दत्त आमचा मराठी, असे म्हणून त्यांनी तो कोंडून ठेवला असता तर नर्मदाकाठच्या किती घरांतून तो पोचला नसता!

तेव्हा माझ्या स्नेह्यांस माझे प्रतिनिवेदन असे. आपल्या मंडळाने गिरनारविषयी ठराव करावयाचाच असेल तर तो असा करावा: आमच्या यात्रेतील कोणीही शेवटच्या चढणीवर घोषणा देणार नाही, वरून उतरणाऱ्यास, मग तो कोणाचाही जयजयकार करीत असो, वाट देईल, शिखरावर एक नमस्कार करून मागच्यासाठी जागा मोकळी करील, आणि उतरतांना निदान स्वतः नेलेले सामान परत आणील. समोरच्यांनी तसे केले नाही तर काय, असे आपण विचाराल. त्यांनी न केले तरी आपण करावे. यदुराजाने विचारले तेव्हा अवधूताने आपले आचरण समोरच्याच्या आचरणावर बेतले नव्हते.

या ठरावावर पहिली सही मी करीन. येत्या कार्तिकात, पावसाने आणि सिंहांनी परवानगी दिली तर, परिक्रमेस जाण्याचा माझा बेत आहे. स्नेह्यांनी बरोबर यावे, अशी माझी इच्छा आहे. छत्तीस किलोमीटर हे अंतर दोघांनी न बोलता चालण्यासही पुरेसे आहे, आणि भांडण मिटेपर्यंत बोलण्यासही.